आधी पडदा, मग ब्राउझर

गेली एकोणीस वर्षं मी मुद्रितशोधन करते, आणि त्यातली शेवटची अकरा जवळजवळ पूर्ण पडद्यावर गेली. 'घर' आणि 'घरं' यांत फरक एका ठिपक्याचा. 'दिन' म्हणजे दिवस, 'दीन' म्हणजे गरीब. वेलांटी कोणत्या बाजूला आहे यावर सगळा अर्थ. 'शुद्ध'चं 'शुध्द' झालं असेल तर ते पकडणं हे माझं काम. त्यामुळे "कोणता ब्राउझर चांगला?" असं कुणी विचारलं की वेगाचे आकडे मला आठवत नाहीत. सहा तास वाचल्यावरही ज्यात अनुस्वार नजरेतून निसटत नाही, तो ब्राउझर माझ्यासाठी चांगला.

मागच्या वर्षी एका मैत्रिणीचा फोन आला. "अगं, फायरफॉक्स घेतलं खरं, पण अक्षरं अगदी बारीक आणि पुसट दिसतात. क्रोममध्ये बरी दिसायची." मी तिच्याकडे जाऊन बसले. क्रोममध्ये त्या साइटचा झूम कधीतरी १२५ टक्के झालेला होता, फायरफॉक्समध्ये १००. एवढंच नाही, तिचा पडदा १९२० × १०८० ठिपक्यांचा (म्हणजे पिक्सेलांचा) होता आणि सेटिंग होतं १३६६ × ७६८. अक्षरं मोठी दिसावीत म्हणून तिनेच ते कमी केलं होतं. पुसटपणा दोन्ही ब्राउझरांत होता. क्रोममध्ये अक्षर मोठं असल्याने तो झाकला गेला होता इतकंच. तिला नावं ठेवायला मला तोंड नव्हतं, कारण मीही दोन वर्षं हेच करत होते आणि संध्याकाळी डोकं दुखलं की चष्म्याला दोष देत होते.

म्हणून तुलना करायची तर आधी पडदा ठीक करून घ्या. विंडोजमध्ये डेस्कटॉपच्या रिकाम्या जागेवर उजवं क्लिक करा आणि 'डिस्प्ले सेटिंग्ज' उघडा. 'डिस्प्ले रेझोल्यूशन'च्या यादीत एका आकड्यापुढे 'रेकमेंडेड' लिहिलेलं असतं, तोच ठेवा. कारण साधं आहे. सपाट पडद्यावरचे ठिपके कारखान्यातच पक्के झालेले असतात. १९२० × १०८० म्हणजे पावणे एकवीस लाखांच्या आसपास ठिपके. तुम्ही १३६६ × ७६८ निवडलंत की चित्र साडेदहा लाख ठिपक्यांचं बनतं आणि तेच सगळ्या पडद्यावर ताणलं जातं. आडव्या दिशेने एका ठिपक्याचं काम साधारण १.४ ठिपक्यांवर पसरतं. अर्धा ठिपका तर पेटवता येत नाही, मग कडा राखाडी होतात. रोमन अक्षर हे थोडंफार सोसून घेतं. देवनागरीत वर रफार, अनुस्वार, मात्रा आणि खाली उकार, ऋकार अशी दोन्हीकडे गर्दी. तिथे राखाडी कड म्हणजे 'कु' की 'कू' हा प्रश्नच.

अक्षर मोठं हवं असेल तर त्याच पानावरचं 'स्केल' वाढवा. माझ्या १५.६ इंची लॅपटॉपवर १२५ टक्के आहे. यात ठिपके तेवढेच राहतात, अक्षर मात्र जास्त ठिपके वापरून काढलं जातं. म्हणजे मोठंही होतं आणि रेखीवही. स्केल बदलल्यावर एकदा साइन आउट करून परत या, नाहीतर काही जुने प्रोग्रॅम धुरकट दिसत राहतात. बाहेरचा मॉनिटर जोडत असाल तर त्याचं स्केल वेगळं ठेवता येतं आणि ठेवावंच. २४ इंची मॉनिटरवर तेवढेच १९२० × १०८० ठिपके असतील तर प्रत्येक ठिपकाच मोठा असतो, तिथे मला १०० टक्के पुरतं. मॅकवर हेच काम 'सिस्टिम सेटिंग्ज'मधल्या 'डिस्प्लेज'मध्ये होतं.

यानंतर विंडोजच्या शोधपट्टीत 'क्लिअरटाइप' टाइप करा. त्यातून एक छोटा कार्यक्रम उघडतो. तो मजकुराचे नमुने दाखवत जातो आणि कोणता स्पष्ट दिसतो ते विचारतो. प्रत्येक ठिपक्यात लाल, हिरवी, निळी अशा तीन पट्ट्या असतात. अक्षराची कड गुळगुळीत करायला क्लिअरटाइप त्या वेगवेगळ्या वापरतं. दोन-तीन मिनिटांचं काम आहे. पडदा ज्या अंतरावरून रोज वाचता, म्हणजे साधारण हातभर अंतरावरून, तिथेच बसून ते करा. वाकून जवळून निवडलेला नमुना रोजच्या अंतरावरून वेगळाच वाटतो.

प्रकाशासाठी माझी पद्धत कोऱ्या कागदाची. पडद्यावर पांढरं पान उघडायचं आणि शेजारी पांढरा कागद धरायचा. पडदा दिव्यासारखा पेटलेला वाटला तर ब्राइटनेस कमी करायचा, कागदापेक्षा मळकट वाटला तर वाढवायचा. दुपारी आणि रात्री उत्तर वेगळं येतं, म्हणून हे दिवसातून दोनदा करते. रात्री 'नाइट लाइट' लावते, पण काम संपल्यावर. पिवळट पडद्यावर लाल खुणा मला नीट ओळखू येत नाहीत. डार्क मोड अनेकांना प्रिय आहे. माझ्या चष्म्यात सिलिंडरचा नंबर आहे आणि काळ्यावरची पांढरी अक्षरं मला फुटलेली दिसतात, जोडाक्षरं तर एकमेकांत मिसळतात. सिलिंडरचा नंबर असेल तर डार्क मोड आठवडाभर वापरून पाहा; फक्त सगळे वापरतात म्हणून तोच धरून बसू नका.

आता ब्राउझर. क्रोम, एज, ऑपेरा, ब्रेव्ह, विवाल्डी ही नावं पाच असली तरी पान रेखाटणारं इंजिन सगळ्यांचं एकच आहे, ब्लिंक. एज जानेवारी २०२० मध्ये त्या कुटुंबात आलं. फायरफॉक्सचं इंजिन गेको, सफारीचं वेबकिट. त्यामुळे "क्रोममध्ये अक्षरं विचित्र दिसतात म्हणून ऑपेरा घेतलं" यात सहसा काही बदलत नाही. खरी तुलना करायची असेल तर एक ब्लिंकवाला आणि एक फायरफॉक्स घ्या, मॅक असेल तर सफारीही. एकाच कुटुंबातल्या ब्राउझरांत निवड करायची झाली तर ती अक्षरांवरून करू नका, सोयींवरून करा.

दोन्ही खिडक्या शेजारी-शेजारी लावा. विंडोज कळ दाबून डावा बाण, मग दुसऱ्या खिडकीत उजवा बाण. दोन्हींत तेच पान उघडा आणि कंट्रोल-शून्य दाबा, म्हणजे झूम मूळ जागी येईल. इथे एक बारकावा आहे, जो कळायला मला फार उशीर झाला. क्रोममध्ये झूमच्या पायऱ्या १००, ११०, १२५, १५० अशा आहेत. फायरफॉक्समध्ये १००, ११०, १२०, १३३, १५०. म्हणजे दोन्हींत 'दोन पायऱ्या वाढवलं' तर एकीकडे १२५ होतं, दुसरीकडे १२०, आणि आपण म्हणतो की इथे अक्षर लहान आहे. तुलना १००, ११० किंवा १५० वरच करा. शिवाय ब्राउझर झूम साइटनिहाय लक्षात ठेवतो, त्यामुळे एक साइट पाहून बाकीच्यांबद्दल मत बनवू नका.

विंडोजचं स्केल आणि ब्राउझरचा झूम यांचा गुणाकार होतो, हेही ध्यानात ठेवा. १२५ टक्के स्केलवर १९२० ठिपक्यांचा पडदा साइटला १५३६ रुंदीचा वाटतो. त्यावर १५० टक्के झूम केला की १०२४. मग काही साइटी तुम्ही टॅब्लेटवर आहात असं समजून मेनू तीन रेघांच्या मागे लपवतात. "या ब्राउझरमध्ये मेनूच गायब झाला" ही तक्रार मी ऐकली आहे. झूम एक पायरी कमी केल्यावर मेनू परत आला.

चाचणीसाठी मी स्वतःची एक ओळ बनवली आहे. ती कुठल्याही ई-मेलच्या खिडकीत चिकटवा आणि दोन्ही ब्राउझरांत वाचा:

वाऱ्यावर कुऱ्हाड, ऱ्हास, घर घरं, दिन दीन, सुत सूत, शुद्ध शुध्द, घन धन, भर मर, ङ ड, ॲप ऑफिस, शृंगार, वाङ्मय, ज्ञ क्ष ळ

'वाऱ्यावर'मधला अर्धा र चंद्रकोरीसारखा, पुढच्या य ला चिकटलेला दिसायला हवा. त्याऐवजी 'र' खाली पाय मोडून सुटा उभा असेल तर फाँटात किंवा टाइप करण्यात गडबड आहे, ब्राउझर बदलून ती जाणार नाही. 'घन धन' आणि 'भर मर' या जोड्या एका नजरेत वेगळ्या कळल्या पाहिजेत. डोळे बारीक करावे लागले तर अक्षराचा आकार तुमच्यासाठी अपुरा आहे.

फाँटाच्या बाबतीत माझा कौल फायरफॉक्सला आहे. त्याच्या 'सेटिंग्ज'मध्ये फाँटच्या भागात 'ॲडव्हान्स्ड' उघडलं की लिपीनुसार फाँट निवडता येतो. यादीतून देवनागरी निवडा, आवडता फाँट द्या (विंडोजवर मी निर्मला यूआय वापरते, जमेल तिथे नोटो सान्स देवनागरी) आणि 'किमान आकार' १६ वर ठेवा. त्यामुळे इंग्रजी पानं आहेत तशी राहतात आणि मराठी तेवढी सुधारते. साइट स्वतःचा फाँट लादत असेल तर पानांना स्वतःचे फाँट वापरू देण्याची खूण तिथेच काढता येते, पण मग काही चिन्हांच्या जागी चौकोन दिसू शकतात; मी ती खूण फक्त लांब मजकूर वाचताना काढते. फायरफॉक्समध्ये चित्रं तशीच ठेवून फक्त अक्षरं मोठी करणारा झूमही आहे. क्रोममध्ये 'अपिअरन्स'मध्ये फाँट बदलता येतो, किमान आकारही ठरवता येतो, पण लिपी वेगळी करता येत नाही.

लांब लेखांसाठी वाचनदृश्य वापरा. विंडोजवर फायरफॉक्स आणि एज दोन्हींत एफ ९ ही कळ. जाहिराती, कडेचे रकाने जातात आणि मजकूर उरतो. एजचं वाचनदृश्य मोठ्याने वाचूनही दाखवतं. लेख ऐकताना गळलेला शब्द पटकन कळतो, म्हणून शेवटची फेरी मी तिथे करते. क्रोममध्ये असा मजकूर बाजूच्या पट्टीत उघडतो, ती मला अरुंद वाटते.

मेमरीची तुलना करायची तर दोन्हींत त्याच दहा टॅब उघडून करा. क्रोम आणि एजमध्ये शिफ्ट-एस्केप दाबलं की कोणता टॅब किती खातो ते दिसतं. फायरफॉक्समध्ये 'मोअर टूल्स'खाली टास्क मॅनेजर आहे. बहुतेक वेळा दोषी एखादी साइट निघते. स्क्रोल करताना पडदा लुकलुकत असेल तर सेटिंग्जमध्ये 'हार्डवेअर ॲक्सिलरेशन' बंद करून पाहा. जाहिराती अडवणारं यूब्लॉक ओरिजिन पूर्ण रूपात हवं असेल तर फायरफॉक्स घ्या. क्रोममध्ये आता त्याची हलकी आवृत्ती चालते.

जुना ब्राउझर लगेच काढू नका. बुकमार्क नव्यात आयात करा, आठवडाभर रोजचं काम नव्यातच करा आणि जिथे अडलात ते लिहून ठेवा. माझ्या मैत्रिणीने तसंच केलं. तिच्या यादीत चार तक्रारी होत्या, त्यातल्या तीन पडद्याच्या सेटिंगच्या निघाल्या आणि चौथी, एक फॉर्म न उघडण्याची, खरंच ब्राउझरची. तो फॉर्म ती आता एजमध्ये भरते, वाचन फायरफॉक्समध्ये करते.

एखाद्या अपडेटनंतर रेझोल्यूशन किंवा स्केल कधीकधी आपोआप बदललेलं असतं. माझ्या लॅपटॉपच्या झाकणाच्या आतल्या कडेला एक चिठ्ठी चिकटवलेली आहे: १९२० × १०८०, स्केल १२५, झूम ११०, किमान आकार १६. अक्षर जरा वेगळं वाटलं की मी आधी ती चिठ्ठी पाहते.