बायोप्सीच्या रिपोर्टची वाट बघताय? या चुका टाळा

बेळगावातल्या एका लॅबमध्ये मी बावीस वर्षं हिस्टोपॅथॉलॉजीच्या, म्हणजे अंगातून काढलेले तुकडे तपासण्याच्या, टेबलावर काम केलं. डॉक्टरांनी कातडीचा तुकडा काढून बाटलीत घातला की त्याची मायक्रोस्कोपखाली बघायची काच तयार होईपर्यंतचं सगळं काम माझ्या हाताखालून जायचं. रिपोर्ट पॅथॉलॉजिस्ट, म्हणजे ती काच बघून निदान करणारे डॉक्टर देतात, मी नाही. पण काउंटरची खिडकी माझ्या टेबलापासून चार पावलांवर होती. खानापूर, निपाणी, येळ्ळूर, उचगाव, कुठून कुठून आलेली माणसं त्या खिडकीशी काय बोलतात ते मी रोज ऐकायची. रोग निघायचा तो निघतोच. पण त्याआधीच्या आठ-दहा दिवसांत माणसं स्वतःचे जे हाल करून घेतात ते बघून जीव तुटायचा. त्यातले बरेचसे टाळता येतात, म्हणून हे लिहिते.

उशीर झाला म्हणजे वाईटच असणार

सगळ्यात जास्त नासाडी या एका समजुतीनं होते. पंच बायोप्सीचा, म्हणजे छोट्या गोल पात्यानं काढलेला, तुकडा असतो तीन-चार मिलिमीटरचा, मसुरीच्या डाळीएवढा. तो फॉर्मलिन या टिकवणाऱ्या द्रवात नीट मुरावा लागतो. मग अल्कोहोल, झायलीन आणि पातळ मेण असा प्रवास मशीनमध्ये रात्रभर चालतो. सकाळी त्याचा मेणाचा ठोकळा होतो, त्याला आम्ही ब्लॉक म्हणतो. त्या ब्लॉकचे चार-पाच मायक्रॉनचे काप काढायचे. केसाच्या जाडीपेक्षाही कितीतरी पातळ. पात्यावरून कापांची फीत निघते, ती कोमट पाण्यावर सोडली की सुरकुती जाऊन पसरते, आणि श्वास रोखून ती काचेवर उचलायची. त्यानंतर निळा-जांभळा आणि गुलाबी असे दोन रंग. एवढं झाल्यावर डॉक्टर मायक्रोस्कोपखाली बघतात.

आणि बघितल्यावर त्यांना शंका आली तर? आणखी खोल काप मागतात. कुष्ठाचे जंतू शोधायला वेगळा रंग, टीबीला वेगळा, बुरशीला वेगळा. प्रत्येकाला नवी काच. काही तपासण्यांना नमुना बाहेरगावी पाठवावा लागतो. म्हणजे रिपोर्ट लांबला याचा अर्थ एवढाच की कुणीतरी तुमच्या तुकड्याकडं दुसऱ्यांदा नीट बघतंय.

खानापूर तालुक्यातले एक शेतकरी होते. दंडावर दोन फिकट चट्टे, तिथं स्पर्श कळत नव्हता. सहा दिवसांनी या म्हणून सांगितलं होतं. सहाव्या दिवशी मुलगा आला, रिपोर्ट झाला नव्हता. आठव्या दिवशी आला, तरी नाही. खिडकीवरची मुलगी नवीन होती, ती म्हणाली, "स्पेशल टेस्टला लावलंय." स्पेशल हा शब्द त्या मुलानं गावी नेला आणि घरात त्याचा अर्थ कॅन्सर झाला. बाराव्या दिवशी शेतकरी स्वतः आले. खिडकीत हात टेकून म्हणाले, "बाई, काय असंल ते सांगून टाका की. सगळी तयारी करून आलोय." तयारी म्हणजे काय, तर औषधाला पैसा लागणार म्हणून बैलजोडी विकली होती. धूळवाफ पेरणीच्या तोंडावर.

रिपोर्टमध्ये कुष्ठ निघाला, अगदी सुरुवातीचा. त्याचं औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं आणि कमी चट्टे असतील तर सहा महिन्यांत कोर्स संपतो. डॉक्टरांनी त्यांना आत बसवून सगळं समजावलं. बाहेर आले तेव्हा त्यांचे डोळे भरलेले होते. रोगाचं काही बोलले नाहीत. बाकावर बसून बैलांची नावं घेत होते.

तो दिवस मी विसरले नाही. चूक आमच्याही बाजूची होती. 'स्पेशल' म्हणजे नुसता वेगळा रंग लावणं, हे अर्ध्या मिनिटात सांगता आलं असतं. त्यानंतर मी खिडकीवर बसणाऱ्या प्रत्येकीला ते पाठ करायला लावलं.

तुम्ही काय करायचं? बायोप्सी झाल्यावर टाका घालून उठलात की तिथंच विचारा: रिपोर्ट किती दिवसांत, कुणाकडून घ्यायचा, आणि लांबला तर फोन कुणाला करायचा. तिन्ही गोष्टी फाईलच्या मागच्या पानावर लिहा. आठ दिवस म्हणाले तर मी लोकांना दहावा दिवस लिहायला लावते. त्या तारखेपर्यंत फोन करायचा नाही, आणि त्या तारखेला केल्याशिवाय राहायचं नाही. रोज तीनदा फोन केल्यानं मेण लवकर गोठत नाही.

ओळख लावून "उद्याच द्या" म्हणणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. तुकडा नीट मुरला नाही तर पात्याखाली फाटतो. डाळीएवढा तर तुकडा, तो वाया गेला की पुन्हा सुई, पुन्हा टाका. घाई नातेवाईक करतात आणि दुखतं पेशंटला.

याच्या उलटी चूकही आहे: फोन आला नाही म्हणजे सगळं चांगलंच असणार. असं धरून चालू नका. आमच्या कपाटात महिनोन्‌महिने न नेलेली पाकिटं पडून असायची.

बसस्टँडवर पाकीट फोडणं

रिपोर्ट इंग्रजीत, दवाखान्याची चिठ्ठी कन्नडमध्ये, आणि आपण बोलणार मराठी. आपल्या भागात हे नेहमीचंच. मग पाकीट हातात आलं की सोबतच्या कॉलेजातल्या पोराला वाचायला देतात. एका पोरानं आमच्या पायऱ्यांवरच पाकीट उघडलं, फोनवर शब्द शोधला आणि आईला सांगितलं, "मॅलिग्नन्सी म्हणजे कॅन्सर." बाई जागच्या जागी खाली बसल्या. मी धावत गेले, कागद बघितला. ओळ अशी होती: 'नो एव्हिडन्स ऑफ मॅलिग्नन्सी'. कॅन्सरची काही खूण नाही! पोरानं मोठा शब्द तेवढा उचलला, त्याच्या पुढचा 'नो' राहून गेला.

'क्लिनिकल कोरिलेशन' वाचून डॉक्टरांनाच काही कळलं नाही असं समजू नका. कातडीच्या बाबतीत काचेवरचं चित्र आणि अंगावरचा चट्टा शेजारी ठेवूनच निदान होतं, एवढाच त्याचा अर्थ. म्हणून पाकीट बंदच ठेवा आणि ज्यांनी बायोप्सी केली त्यांच्यासमोर उघडा. "मराठीत सांगा की हो" म्हणायला लाजू नका. बेळगावात बहुतेक ठिकाणी मराठी समजणारं कुणीतरी असतंच, नसेल तर सोबत न्या.

बाकीच्या चुका

बायोप्सी म्हणजे कॅन्सरच, असं नाही. सोरायसिस की इसब, लायकेन प्लॅनस की आणखी काही, हे ओळखायलाही कातडीचा तुकडा घेतात.

चाकू लावला की रोग पसरतो, हे खोटं आहे. या भीतीनं उशिरा आलेली माणसं मी बघितलीत, नुकसान त्या उशिरानं झालं.

जखमेवर हळद, तंबाखूची भुकटी, राख काही लावू नका. रक्त आलं तर स्वच्छ कापडानं दहा-पंधरा मिनिटं न उचलता दाबून धरा. लाली वाढत चालली, पू आला, ताप आला, किंवा दाबूनही रक्त थांबेना, तर रिपोर्टची वाट न बघता त्याच दिवशी दवाखाना गाठा.

वाट बघताना मेडिकलमधून 'खाजेची ट्यूब' आणून चोळणं बंद करा. त्यात बहुतेक वेळा स्टिरॉइड असतं. चट्ट्याचं रूप बदलतं, आणि पुन्हा तुकडा घ्यायची वेळ आली तर खरा रोग झाकलेला असतो.

डाग दर तासाला बघायचा, दाबायचा, फोटो काढून कालच्याशी ताडून बघायचा, हेही सोडा. दाबून दाबून तो लाल होतोच, आणि लाल झाला म्हणून रात्र जाते.

मनाचं काय करायचं

कुणालाच न सांगणं आणि सगळ्या गल्लीला सांगणं, दोन्ही चूक. गल्लीला सांगितलं की प्रत्येकजण आपल्या मावशीची, साडूची गोष्ट घेऊन येतो. मनात ठेवलं तर रात्री दोनला छाती धडधडते तेव्हा शेजारी कुणाला कळत नाही. एक माणूस निवडा. रिपोर्टबद्दल बोलणं फक्त त्याच्याशी, दवाखान्याला फोनही त्यानंच करायचा.

माझ्या धाकट्या बहिणीच्या पाठीवरचा तीळ काढला तेव्हा मीच ती व्यक्ती होते. आम्ही ठरवलं होतं: संध्याकाळी दिवे लागल्यावर अर्धा तास या विषयाचा. त्या वेळात ती घाबरायची, रडायची, आणि डॉक्टरांना काय विचारायचं ते वहीत लिहायची. दिवसा विचार आला की म्हणायची, संध्याकाळी. पहिले दोन दिवस जमलं नाही. तिसऱ्या दिवसापासून जमायला लागलं. रात्री झोप उडाली की श्वास हळू घ्यायचा आणि घेतला त्याहून सावकाश सोडायचा, पंधरा-वीस वेळा. सल्ला अगदी साधा आहे, पण मी तिच्या पाठीवर हात ठेवून तिची धडधड खाली येताना अनुभवली आहे. काम सोडून घरी बसू नका. देवाला नवस बोललात तर बोला, मला त्यात काही वावगं वाटत नाही, फक्त डॉक्टरांची तारीख चुकवू नका.

जेवण जात नाही, सलग काही रात्री झोप नाही, जगून काय करायचं असे विचार येतात, अशी वेळ आली तर रिपोर्टपर्यंत थांबायचं नाही. मनाच्या त्रासासाठी टेलिमानसचा 14416 हा सरकारी फोन क्रमांक 2022 पासून सुरू आहे, फुकट आहे, आणि मराठीतही बोलता येतं.

शेवटची चूक रिपोर्टनंतरची. खात्रीसाठी मिरजेला किंवा कोल्हापूरला दुसऱ्या डॉक्टरांना दाखवायचं असेल तर लगेच पुन्हा तुकडा काढून घेऊ नका. लॅबमध्ये अर्ज देऊन काच आणि ब्लॉक मागा, ते जपून ठेवलेले असतात. आणि ब्लॉक नेताना उन्हातल्या गाडीत पुढच्या काचेशी ठेवू नका. मेण आहे ते, मऊ पडतं.