प्रोटिओमिक्सच्या परिषदेला जावं का? ठरवायचं कसं

'प्रोटिओम' हा शब्दच मुळी एका परिषदेतून पुढे आला. १९९४ साली इटलीतल्या सिएना शहरात मार्क विल्किन्स यांनी तो मांडला. पेशीतल्या सगळ्या प्रथिनांचा संच म्हणजे प्रोटिओम, आणि त्याचा अभ्यास म्हणजे प्रोटिओमिक्स. आज मात्र शोधनिबंध छापून येण्याआधीच बायोआर्काइव्ह या खुल्या संकेतस्थळावर वाचता येतात, कच्चा डेटाही प्राइडसारख्या भांडारात खुला असतो. मग नोंदणी आणि प्रवासाचा खर्च करून जायचं कशाला?

हे ठरवण्यासाठी आधी आपलं काम कुठे अडलंय ते एका वाक्यात लिहून काढा. 'या क्षेत्रात नवीन काय चाललंय?' एवढाच प्रश्न असेल, तर त्याचं उत्तर घरबसल्या मिळतं. 'सॅम्पल अगदी थोडं आहे आणि दर वेळी पेप्टाइड्स (प्रथिनांचे तुकडे) वाटेत कुठेतरी नाहीशी होतात,' असं काही लिहिलंत तर पुढे वाचा. अडलेलं काहीच नसेल, तर यंदा जाऊ नका, असं मी स्पष्टच सांगेन.

मग परिषद निवडा. प्रोटिओमिक्स तुमच्यासाठी फक्त साधन असेल, मूळ काम कर्करोगावर किंवा वनस्पतींवर असेल, तर आपल्याच विषयाच्या परिषदेतलं एखादं सत्र पुरतं. पद्धतीवरच काम करत असाल, तर ह्यूपो (मानवी प्रोटिओमवरच्या संघटनेची परिषद) किंवा एएसएमएस (मास स्पेक्ट्रोमेट्रीच्या, म्हणजे रेणूंचं वस्तुमान मोजून ते ओळखण्याच्या तंत्राच्या, अमेरिकी संघटनेची परिषद). एएसएमएसला हजारो लोक येतात आणि नवी यंत्रं तिथे दाखवली जातात. ऑर्बिट्रॅप अ‍ॅस्ट्रल हे मास स्पेक्ट्रोमीटर २०२३ मध्ये तिथेच जाहीर झालं. पण पहिल्यांदाच जाणार असाल, तर शे-दोनशे माणसांची छोटी बैठक बरी. तिथे वक्ता जेवणाच्या रांगेत तुमच्या मागे उभा असतो.

अ‍ॅबस्ट्रॅक्ट, म्हणजे कामाचा गोषवारा, पाठवाच, आणि शक्यतो पोस्टरसाठी. विद्यार्थ्यांना प्रवास-अनुदान मिळत असेल, तर त्याचा अर्जही बहुधा त्याच सुमारास असतो.

पोस्टरवर फसलेला आलेखही लावा. मी एकदा तसा लावला होता. एक अनोळखी बाई आल्या, बराच वेळ आलेख पाहत राहिल्या आणि त्यांनी एकच विचारलं, "सॅम्पल सुकवून कुठल्या नळीत ठेवता?" साध्या प्लास्टिकच्या नळीत, मी म्हणालो. सॅम्पल इतकं कमी असलं की पेप्टाइड्स नळीच्या भिंतीलाच चिकटून बसतात. कमी चिकटणारी नळी घ्या, पूर्ण सुकवू नका आणि किंचित डीडीएम घालून बघा, असं त्यांनी माझ्याच वहीत लिहून दिलं. डीडीएम हा सौम्य डिटर्जंट मास स्पेक्ट्रोमीटरला फारसा त्रास देत नाही. हे सगळं छापील स्वरूपात कुठेतरी असणारच, पण काय शोधायचं हेच मला ठाऊक नव्हतं. निबंधाच्या 'पद्धती' विभागात जे जमलं ते लिहितात. काय काय फसलं ते पोस्टरपाशीच कळतं.

तिथे गेल्यावर दिवसाला तीन-चार व्याख्यानं पुरेत. उरलेला वेळ पोस्टरांना द्या. कंपन्यांच्या दालनात किती प्रथिनं सापडतात याचे आकडे ऐकाल, तेव्हा ते कुठल्या सॅम्पलवर मिळाले हे नक्की विचारा. हेला या प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी पेशींच्या तयार डायजेस्टवर (प्रथिनं आधीच तोडून ठेवलेल्या सॅम्पलवर) हजारो प्रथिनं सहज दिसतात. रक्तद्रवातल्या प्रथिनांत एकटं अल्ब्युमिनच निम्म्याहून जास्त भरतं, तिथे चित्र अगदी वेगळं असतं.

परतल्यावर आठवड्याच्या आत एक तरी सूचना करून पाहा, जुन्या पद्धतीचं सॅम्पल शेजारी ठेवूनच. निकाल काहीही येवो, ज्यांनी ती सुचवली त्यांना तो कळवा.