एकच गेम, घरात दोन पीएस५: दोघांनी कसं खेळायचं

आमच्या इंदौरच्या घरात एक पीएस५ (सोनीचं गेमिंग मशीन, प्लेस्टेशन ५) खाली हॉलमधे आणि एक वरती लहान भावाकडे, आणि डिजिटल गेम दोनदा विकत घ्यायची अजिबात गरज नाही, फक्त सेटिंग उलटी करायची. म्हणजे शेअरिंग (ज्या मशीनवर ते चालू, तिथे दुसऱ्यांनाही तुमचे गेम खेळता येतात, नेट नसलं तरी) आपल्या मशीनवर नाही, भावाच्या मशीनवर चालू ठेवायचं.

आधी आपल्या पीएस५ वर सेटिंग्स, यूजर्स अँड अकाउंट्स, अदर, मग कन्सोल शेअरिंग अँड ऑफलाइन प्ले बंद करा, कारण एका अकाउंटला ते एकाच पीएस५ वर चालतं. नंतर भावाच्या मशीनवर तुमच्या अकाउंटने लॉगिन करून तेच चालू करा, गेम डाउनलोड करून द्या. आता तो स्वतःच्या अकाउंटने खेळेल, त्याचं सेव्ह वेगळं, आणि तुम्ही खाली तुमच्या अकाउंटने तोच गेम त्याच वेळी खेळू शकता.

पण तुमच्या मशीनवर शेअरिंग बंद असल्याने त्याला नेट लागतंच, त्याशिवाय गेम उघडणार नाही. म्हणून वायफाय जिथे नीट पोचत नाही तिथलं मशीन शेअरिंगचं ठेवा, राउटरजवळचं आपलं. आणि हो, पासवर्ड घरातच राहू द्या, मित्रांना देऊ नका.