पडून असताना उपास धरताय? या चुका टाळा

धुळ्यात आहार सल्लागार म्हणून काम करताना एक वाक्य मी आठवड्यातून दोनदा तरी ऐकते. "ताई, सध्या हालचाल बंद आहे ना, म्हणून सोळा तासांचं फास्टिंग सुरू केलंय." कुणाचा पाय प्लॅस्टरमध्ये असतो, कुणी कंबर धरल्यामुळे खाटेवर, तर कुणी सकाळी नऊ ते रात्री नऊ दुकानाच्या गादीवर. हिशेब सगळ्यांचा एकच, हलत नाही तर खायचंही नाही. ऐकायला शहाणपणाचा वाटतो, पण या हिशेबाने माझ्या घरातल्याच माणसाचं नुकसान केलंय.

वजन उतरलं म्हणून खूश होणं

माझे मामा चोपड्याकडे केळीची शेती करतात. वय चौसष्ट. बांधावरून पाय घसरला, घोटा मोडला आणि सहा आठवडे पाय टेकवायचा नाही असं ठरलं. शुगर काठावरची, उपाशीपोटी १०४. बसून वजन वाढेल, शुगर वाढेल या धास्तीने त्यांनी मनानेच दोन वेळचं जेवण सुरू केलं. दुपारी एकला कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी आणि वांग्याची भाजी, संध्याकाळी सातला पुन्हा तेच, तेही अर्धपोटी. मधे कोरा चहा. दूध, दही, डाळ सगळं बंद. "ताई, माले भूकच नही लागत," असं फोनवर माझ्या आईला सांगायचे आणि आई कौतुक करायची. ७४ किलोचे ६८ झाले. भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणायचा, तब्येत छान उतरली.

प्लॅस्टर निघाल्यावर मी गेले. मोडलेल्या पायाची पोटरी बारीक होणारच, ते धरूनच चालले होते. मी शिवणाच्या डब्यातली टेप काढली आणि चांगल्या पायाची पोटरी मोजली. ३१ सेंटीमीटर. आशियाई पुरुषांत ती ३४ च्या खाली गेली की स्नायू कमी झाल्याची शंका घेतात, बायकांत ३३ च्या खाली. मामांना खाटेवरून हात न टेकता उठता येईना. उपाशीपोटीची शुगर ११८. सहा किलो घालवून शुगर वाढलेली! मामी माझ्याकडे बघत राहिल्या.

याचं कारण असं. जेवणातून रक्तात आलेल्या साखरेचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे स्नायू. चालताना-उठताना तो आखडतो, तेव्हा इन्शुलिनची फारशी वाट न बघता साखर आत ओढतो. पडून राहिलं की थोड्याच दिवसांत तो इन्शुलिनलाही दाद देईनासा होतो आणि झिजायला लागतो. सरासरी ६७ वर्षांच्या निरोगी माणसांना दहा दिवस अंथरुणावर ठेवून अमेरिकेत पाहणी झाली होती. तिचे निष्कर्ष २००७ मध्ये आले, तेव्हा दोन्ही पायांतून मिळून जवळपास एक किलो स्नायू गेला होता. जेवण व्यवस्थित चालू असताना! त्यावर प्रथिनं तोडली तर काय उरणार? २०२० मध्ये ११६ जणांवर बारा आठवडे सोळा-आठचा प्रयोग झाला, खाणं दुपारी बारा ते रात्री आठ. रोज तीन वेळा जेवणाऱ्यांच्या तुलनेत वजनात लक्षणीय फरक पडला नाही. ज्यांचं शरीर यंत्राने मोजलं, त्यांच्या घटलेल्या वजनातला सुमारे ६५ टक्के वाटा चरबीचा नव्हताच. ही तर हिंडती-फिरती माणसं होती.

म्हणून पडून असलेल्या माणसाला मी सोळा तास देत नाही. बारा देते. संध्याकाळी साडेसातला शेवटचा घास, सकाळी साडेसातला पहिला, आणि दिवसाच्या बारा तासांत तीन जेवणं. प्रत्येक ताटात डाळ, दही, अंडं, पनीर, मासे यांपैकी काहीतरी ठळक हवं. साठीपुढे वजनाच्या दर किलोमागे दिवसाला एक ते सव्वा ग्रॅम प्रथिनं धरते. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर आधी डॉक्टर. आपली उडदाची घट्ट डाळ आठवड्यात तीनदा झाली तरी मोठं काम होतं, पण वाटीभर हवी, भाकरी बुडवण्यापुरती नको.

उपासाचे पदार्थ

साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च. सोळा तास उपाशी राहून साबुदाण्याची खिचडी आणि दोन केळी खायची आणि नंतर आडवं व्हायचं, हे मी कुणालाही करू देणार नाही. एकादशी धरायची तर धरा. भगर, शेंगदाण्याची आमटी आणि दही घ्या.

गोळी तशीच, नाश्ता बंद

ही चूक जीव घेऊ शकते. माझ्याकडे येणारे एक कापड दुकानदार मे महिन्यात सकाळी अकराला गादीवर घामाने डबडबले, हात थरथरायला लागले. बाहेर चव्वेचाळीस अंश. सगळ्यांनी धरलं, ऊन लागलं. कूलर समोर ओढला, डोक्यावर ओला पंचा टाकला. शेजारच्या औषधवाल्याने बोट टोचलं तर शुगर ५८. शुगर उतरवणारी ग्लिमेपिराइडची सकाळची गोळी घेतली होती आणि नवा नियम म्हणून नाश्ता सोडला होता. तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून दिली, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजली, तेव्हा कुठे वर आली. खान्देशच्या उन्हाळ्यात घाम, चक्कर, थरथर म्हटलं की आपण उन्हालाच दोष देतो. मधुमेही माणूस असेल तर आधी बोट टोचा. शुगर ७० च्या खाली असेल तर आधी साखर द्या, कूलर नंतर. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काही न ओतता थेट दवाखाना गाठा.

इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या चालू असतील तर जेवणाची वेळ हलवण्याआधी डॉक्टरांकडून डोस ठरवून घ्या. डापाग्लिफ्लोझिनसारख्या, लघवीतून साखर बाहेर टाकणाऱ्या गोळ्यांवर लांबलचक उपास केला तर रक्तात कीटोन (चरबी जळताना बनणारी आम्लं) साचून रक्ताची आम्लता वाढू शकते, आणि गंमत नव्हे, शुगर फारशी वाढलेली नसतानाही हे होतं. व्हिडिओ बघून उद्यापासून सुरू करणाऱ्यांना मी हात जोडून सांगते, चार दिवस थांबा आणि फाइल घेऊन दवाखान्यात जा.

खाण्याची खिडकी रात्रीकडे सरकवणं

दुकान बंद करून रात्री दहाला शेवभाजी चेपायची आणि दुसऱ्या दिवशी दुपारी दोनपर्यंत उपाशी. तास भरतात, पण रात्री शरीर साखर हाताळण्यात मंद असतं. २०१८ च्या एका छोट्या प्रयोगात शुगर काठावर असलेल्या आठ पुरुषांनी दुपारी तीनच्या आत खाणं संपवलं. वजन न घटताही त्यांचं शरीर इन्शुलिनला नीट दाद देऊ लागलं. तीनला संपवणं आपल्याकडे कुणाला जमणार? पण डबा दुकानात मागवून साडेसातला जेवता येतं.

आणखी काही

पाणी कमी पिऊ नका. डोकं दुखलं की चहावर चहा ढकलू नका. गरोदर बाई, स्तनपान करणारी आई आणि वाढत्या वयातली मुलं यांनी असे लांब उपास करूच नयेत.

आणि बसून राहणाऱ्यांनी दर वीस-तीस मिनिटांनी उठून दोन मिनिटं चालावं. एवढ्यानेही जेवणानंतरची शुगर कमी चढते, हे प्रयोगांत दिसलंय. खाटेवर असाल तर डॉक्टरांना विचारून चांगला पाय ताणा, मांडी आवळा, दहापर्यंत मोजा, सोडा. मामांना मी खाटेवरून हात न टेकता उठायला लावलं, सुरुवातीला कमरेखाली दोन उशा ठेवून. दर आठवड्याला उशी थोडी पातळ करत गेलो. तीन महिन्यांनी टेप ३३ वर आली. वजन ७० झालं तेव्हा मामांनी नाक मुरडलं, पण केळीच्या बागेत ते काठीशिवाय गेले.