सेटाफिल की सेरावे? आधी दोन हातांवर लावून बघा

सेटाफिल आणि सेरावे हे नाजूक, कोरड्या कातडीसाठीच्या क्लेन्झर (तोंड धुवायचं द्रव) आणि क्रीमचे दोन ब्रँड. मेडिकलवाला यातली जी बाटली काढून देईल ती थेट तोंडाला लावू नका. दोन्हींची लहान बाटली घ्या, आणि दोन्हींकडून एकच प्रकार घ्या. एकाचं क्लेन्झर आणि दुसऱ्याचं क्रीम घेतलं तर तुलना होत नाही.

क्लेन्झर दोन्हींचं बिनसाबणाचं असतं. बोअरच्या जड पाण्यात हा मोठा फायदा. साबणाचा कॅल्शियमशी चिकट साका होतो, पाण्याच्या गुंडाला पांढरा थर धरतो तसा तो कातडीवर बसतो आणि खाज सुटते. उन्हाळ्यात टँकरची वाट बघावी लागत असेल तर सेटाफिल बरं पडतं, कारण ते पाण्याशिवाय लावून मऊ सुती कापडाने टिपता येतं. सेरावेची ओळख सिरॅमाइड, म्हणजे कातडीच्या वरच्या थरात मुळातच असलेली स्निग्ध द्रव्यं. पण धुऊन टाकायच्या वस्तूत त्यांचा बराचसा भाग मोरीतच जातो. पैसे कमी असतील तर ते क्रीमवर घाला.

आता चाचणी. डाव्या कोपराच्या आतल्या बाजूला एक, उजव्या कोपराच्या आत दुसरं. तुरीच्या डाळीएवढं क्रीम, रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेवर, दिवसातून दोनदा, सात ते दहा दिवस. मनगटावर पेनाने ‘टा’ आणि ‘रा’ लिहून ठेवा, तिसऱ्या दिवशी हमखास घोळ होतो. क्लेन्झर मिनिटभर ठेवून धुवा. खरी ॲलर्जी बहुधा दोन-तीन दिवसांनी उठते, म्हणून एका रात्रीत निकाल लावू नका. फुटलेल्या कातडीवर क्षणभर चरचरून थांबलं तर घाबरू नका. पुरळ, सूज किंवा वाढती खाज आली तर ते लावणं बंद.

या दिवसांत हळद-बेसन नाही, नवा साबण नाही. निंदणाचा आठवडा असेल तर चाचणी पुढे ढकला. गाजरगवताने पापण्या, मान, कोपराचे सांधे लाल होतात आणि दोष बिचाऱ्या क्रीमवर येतो.

दोन्हींनी चेहऱ्याची आग होत असेल तर आधी वापरलेली गोरेपणाची ट्यूब उलटून बघा. बीटामेथासोन, क्लोबेटासोल किंवा मोमेटासोन लिहिलं असेल तर ते स्टेरॉइड आहे. ब्रँड बदलून हे सुटत नाही, आणि ट्यूब एकदम सोडली की चेहरा भडकतो. त्वचारोगतज्ज्ञच गाठा.

हात शांत राहिला की तीन दिवस कानामागे, मग चेहरा. चेहऱ्याला हरभऱ्याच्या दोन दाण्यांएवढं क्रीम, धुतल्यावर ओल असतानाच. शेवटचा एक तांब्या आरओच्या कॅनचा घेतला तर आणखी बरं. बाटली मात्र टिनाखालच्या फळीवर नको, मे महिन्यात क्रीम फाटून पाणी सुटतं. माठाशेजारी सावलीत ठेवा.