लंडन ते न्यूयॉर्क विमानाला किती वेळ लागतो, हे घरच्या घरी कसं काढायचं

आधी अंतर. गूगलवर नुसती शहरांची नावं टाकू नका, विमानतळ टाका, म्हणजे हीथ्रो ते जेएफके. हे साधारण ५,५४० किमी भरतं. घरात पृथ्वीचा गोल असेल तर अजून मजा, हीथ्रो ते जेएफके दोरा ताणून धरा, ३० सेंमी व्यासाच्या गोलावर तो १३ सेंमी भरेल आणि एक सेंमी म्हणजे साधारण ४२५ किमी. मुलांना हे करून दाखवाच. दोरा आयर्लंडवरून वर चढून कॅनडाच्या न्यूफाउंडलंडच्या बाजूने खाली उतरतो, सपाट नकाशावर तो वळसा वाटतो पण गोलावर तोच सगळ्यात जवळचा रस्ता.

आता वेळ. जेट विमान वर गेलं की ताशी ९०० किमीच्या आसपास जातं, त्या हिशेबाने सव्वासहा तासांच्या आतच पोचायला हवं. पण तिकिटावर जाताना साधारण ८ तास आणि येताना ७ असतात. का, तर वारा. अटलांटिकवर उंचावर जेट स्ट्रीम पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो, त्यामुळे न्यूयॉर्कला जाताना तो समोरून येतो आणि लंडनला येताना मागून ढकलतो. समजा वारा ताशी १०० किमीचा आहे, तर जाताना जमिनीवरचा वेग ८०० धरा, ७ तासांच्या आसपास येतात, येताना १००० धरा, साडेपाच तास. दोन्हीत रनवेपर्यंत जाणं, चढणं, उतरणं यासाठी पाऊण-एक तास मिळवा, तिकिटाच्या जवळ पोचलात. हिवाळ्यात वारा जास्त जोरात असतो. फेब्रुवारी २०२० मधे तर वादळाच्या जोरावर ब्रिटिश एअरवेजचं एक विमान न्यूयॉर्कहून ४ तास ५६ मिनिटांत लंडनला उतरलं होतं!

घड्याळाचं मात्र नीट समजून घ्या, बहुतेक लोक इथेच गडबडतात. तिकिटावरच्या दोन्ही वेळा तिथल्या तिथल्या असतात. हीथ्रोहून सकाळी ११ ला निघून दुपारी २ ला पोचलं म्हणजे प्रवास ३ तासांचा नाही, न्यूयॉर्क ५ तास मागे आहे ते मिळवा, ८ झाले. परत येताना उलट, संध्याकाळी ६:३० ला निघून दुसऱ्या दिवशी सकाळी ६:३० ला पोचलं तर १२ मधून ५ वजा, म्हणजे ७ तास, आणि त्यात जेवण-बिवण धरून झोप जेमतेम चार तास मिळते, त्यामुळे सकाळी लगेच मीटिंग ठेवू नका.

आणि मार्च महिन्यात जपून. अमेरिका दुसऱ्या रविवारी घड्याळ पुढे करते, ब्रिटन शेवटच्या रविवारी, मधले दोन-तीन आठवडे फरक ४ तासांचाच असतो. ऑक्टोबरच्या शेवटी पण एक आठवडा असंच होतं. तेव्हा ५ ऐवजी ४ धरा. मुंबईहून लंडनमार्गे जात असाल तर पुढचं कनेक्शन तपासताना हे आधी बघा.