रक्तदाब वाढलेल्या गर्भवतीच्या बाळंतपणाची तयारी

गर्भारपणाच्या 20 आठवड्यांनंतर, किमान चार तासांच्या अंतराने घेतलेल्या दोन नोंदींत रक्तदाब 140/90 किंवा त्याहून अधिक आढळला, तर बाळंतपण कुठे करायचे हा प्रश्न सर्वांत आधी सोडवावा. सातारा जिल्ह्यात पहिल्या खेपेला सातव्या महिन्यात माहेरी जाण्याची रीत आहे आणि ती आनंदाची आहे; परंतु माहेर पाटण, जावळी किंवा महाबळेश्वर तालुक्यातील वाडीवर असेल आणि दिवस आषाढ-श्रावणाचे असतील, तर ओटीभरण करून मुलीने साताऱ्यात किंवा कराडात, रुग्णालयाजवळच्या नातेवाइकांकडे राहावे, हेच मला योग्य वाटते. निवडलेल्या ठिकाणी रात्रीही सिझेरियन होते का, भूलतज्ज्ञ आणि रक्त मिळते का, कमी दिवसांच्या बाळासाठी अतिदक्षता विभाग आहे का, हे प्रत्यक्ष जाऊन विचारावे.

‘बीपी आहे म्हणजे सिझेरियनच’ हा समज घरातल्या सर्वांनी आधीच दूर ठेवावा. रक्तदाब आटोक्यात असेल आणि बाळाचे ठोके चांगले असतील, तर नैसर्गिक प्रसूती होऊ शकते. बहुधा 37 आठवडे पूर्ण झाल्यावर, पिशवीचे तोंड मऊ करणारी जेल किंवा गोळी आणि नंतर सलाइनमधून ऑक्सिटोसिन देऊन कळा आणल्या जातात, आणि याला एक-दोन दिवसही लागू शकतात, म्हणून सोबतच्या माणसाने तेवढ्या मुक्कामाची तयारी ठेवावी. रक्तदाब 160/110 पर्यंत गेला, यकृतावर किंवा मूत्रपिंडावर परिणाम दिसला, तर 34 आठवड्यांनंतर डॉक्टर प्रसूतीसाठी थांबत नाहीत. त्याआधीच प्रसूती करावी लागणार असेल तर बाळाच्या फुप्फुसांसाठी आईला स्टेरॉइडची इंजेक्शने देतात. बाळ गुदमरू लागले, वार सुटून रक्तस्राव झाला किंवा कळा येऊनही प्रगती थांबली, तर सिझेरियन करावे लागते, आणि त्या क्षणी संमतीसाठी घरच्यांची चर्चा सुरू होऊ नये. हे सारे आठवड्यांच्या हिशेबावर चालत असल्याने पहिल्या तिमाहीतील सोनोग्राफीचा अहवाल जपून ठेवावा, कारण दिवसांचा सर्वांत भरवशाचा पुरावा तोच असतो.

फाईलमध्ये माता-बाल संरक्षण कार्ड, रक्तगट, लघवीतील प्रथिने, यकृत व मूत्रपिंडाच्या तपासण्या आणि प्लेटलेट्सचे अलीकडचे अहवाल असावेत. प्लेटलेट्स फार कमी असतील तर पाठीतून भूल देता येत नाही, म्हणून भूलतज्ज्ञ तो कागद प्रथम मागतात. पहिल्याच पानावर ‘रक्तदाब जास्त’ असे ठळक लिहावे, कारण बाळंतपणानंतरचा रक्तस्राव रोखण्यासाठी वापरले जाणारे मेथर्जिन अशा स्त्रीचा रक्तदाब एकदम चढवू शकते आणि तिला ऑक्सिटोसिनच योग्य ठरते. लॅबेटॅलॉल, निफेडिपिन यांपैकी रक्तदाबाची जी गोळी चालू असेल ती सोबत घ्यावी आणि कळा सुरू झाल्या म्हणून स्वतःहून बंद करू नये.

तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे काजवे, छातीखाली पोटात दुखणे, धाप, चेहऱ्यावर अचानक सूज, रक्तस्राव किंवा बाळाची हालचाल मंदावणे, यांपैकी काहीही झाले तर सकाळची वाट न पाहता 108 क्रमांकावर फोन करावा. झटके आले तर तिला डाव्या कुशीवर वळवावे आणि तोंडात काहीही घालू नये. झटके रोखणाऱ्या मॅग्नेशियम सल्फेट या इंजेक्शनची पहिली मात्रा प्राथमिक आरोग्य केंद्रातही देता येते, म्हणून मोठे रुग्णालय लांब असेल तर आरोग्यसेविकेला आणि आशाताईंना आधीच कळवून ठेवावे.

बाळ झाल्यावर धोका संपला असे समजून अनेक घरांत गोळ्या थांबवल्या जातात, याची मला फार काळजी वाटते. प्रसूतीनंतर तिसऱ्या ते सहाव्या दिवसादरम्यान रक्तदाब पुन्हा वाढू शकतो, झटकेही येऊ शकतात. त्यामुळे डिस्चार्ज घेतानाच पुढच्या तपासणीची तारीख लिहून घ्यावी, पहिल्या आठवड्यात घरी किंवा जवळच्या उपकेंद्रात रक्तदाब मोजण्याची सोय करावी आणि सहा आठवड्यांची तपासणी, बाळंतीण माहेरी असली तरी, चुकवू नये.